आधी मनगट, मग खांदा

गेल्या मे महिन्यात माझी नात सुटीसाठी माटुंग्याला आली, ती कपड्यांची पिशवी लहान आणि फोमच्या शीटची गुंडाळी मोठी, अशा थाटात. तिला चिलखत करायचे होते. ऐतिहासिक नाटकातले नव्हे, व्हिडिओ गेममधले! 'मेट्रॉइड' नावाचा एक जपानी खेळ १९८६ साली निघाला. त्यात नखशिखांत चिलखत घातलेला एक वीर लढत असतो. ठरावीक वेळेच्या आत खेळ पुरा केला, तर शेवटी शिरस्त्राण उतरते आणि आत बाई निघते. तिचे नाव सॅमस. बालगंधर्वांचे शालू डोक्यावर घेणाऱ्या महाराष्ट्राला यात नवल वाटायला नको. पण माझ्या मुलीला वाटले. नवल कसले, संतापच. ''बाबा, पुढच्या वर्षी हिची बारावी. आणि तुम्ही हिला कटर आणून देताय?''

असे पोशाख करून मेळाव्याला जायचे, याला 'कॉस्प्ले' म्हणतात. शब्द जपानात घडला, पण हौस त्याहून जुनी. १९३९ साली न्यूयॉर्कच्या विज्ञानकथा संमेलनाला दोघे अमेरिकन भविष्यकाळातले कपडे घालून गेले होते. आपल्याकडे २०११ मध्ये दिल्ली हाटला पहिले कॉमिक कॉन भरले, पुढे ते मुंबईतही आले. तिथे जाणारी काही मुले तयार पोशाख विकत घेतात. मला त्यात शाळेच्या गॅदरिंगला भाड्याने आणलेल्या ड्रेसपेक्षा अधिक काही दिसत नाही. जी मुले स्वतः करतात, त्यांच्याविषयी मला बोलायचे आहे.

नातीने सुरुवात केली ती खांद्यापासून. सॅमसचे खांदे म्हणजे दोन मोठे गोल घुमट, आणि तेच तर उठून दिसतात! आतून आधार हवा म्हणून मी मोठ्या उत्साहाने माळ्यावरचे थर्मोकोल काढून दिले. २०१८च्या बंदीआधीच्या आमच्या गणपतीच्या मखरातले ते. तिने त्यावर फोम चिकटवायला रबरी सोल्युशन लावले. पाहता पाहता सोल्युशनने थर्मोकोल खाऊन टाकले. खड्डे पडले, फोम वाकडा बसला, तीन दिवस फुकट गेले. पोरगी रडली. चूक माझी होती, आणि ऐकून घ्यावे लागले तिला.

त्या रात्री मला वडील आठवले. ते इथल्याच रेल्वे वर्कशॉपमध्ये पत्र्याचे काम करत. एकदा त्यांनी घरच्या देव्हाऱ्याला पत्र्याचा घुमट केला होता. आधी वर्तमानपत्राच्या निमुळत्या पाकळ्या कापल्या, संत्र्याच्या सालीसारख्या. त्या जोडून पाहिल्या, दोनदा फाडल्या, आणि मगच पत्र्याला कात्री लावली. सपाट वस्तूला गोल करायचे तर पाकळ्यांवाचून गत्यंतर नाही. पत्रा असो की फोम.

सकाळी नातीला म्हटले, खांदा राहू दे, मनगटापासून कोपरापर्यंतचा एकच भाग कर. तिला ते फार किरकोळ वाटले. पण केला. हाताला स्वयंपाकघरातली प्लास्टिकची पातळ फिल्म गुंडाळली, वरून चिकटपट्टी. त्यावर पेनाने रेघा आखल्या, आणि मी जपून कात्रीने ते कवच कापून काढले. सपाट पसरले तर तिच्या हाताचा नकाशाच! तो वर्तमानपत्रावर उतरवला, कागदाचे आधी घालून पाहिले. फोम म्हणजे ईव्हीए, चपलांचे तळ ज्याचे करतात तो. ठक्कर बाप्पा कॉलनीतल्या चपलांच्या कारागिरांना विचारा, कटरचे पाते बोथट झाले की फोम कापला जात नाही, फाटतो. आम्ही कंजूषपणा केला आणि पहिली कड उंदराने कुरतडल्यासारखी निघाली. सोल्युशन दोन्ही कडांना लावायचे, बोटाला चिकटेनासे होईपर्यंत थांबायचे, मग जोडायचे. एकदा जुळले की हलवता येत नाही. ही थांबायची दहा मिनिटे तिला सर्वांत जड गेली. गरम हवेची गन फिरवली की फोमवर किंचित चकाकी येते, तेवढ्यात गुडघ्यावर दाबून धरायचे. थंड झाल्यावर बाक तसाच राहतो. फार तापवले तर धूर येतो. सोल्युशनचा वास तर डोके धरणारा. खिडक्या बंद ठेवून हे काम कुणी करू नये, मी अर्धा दिवस झोपून काढला आहे. रंगाआधी पाणी घातलेल्या फेविकॉलचे चार हात द्यावे लागतात, नाहीतर फोम रंग पिऊन टाकतो.

खर्चाची वही मी तिला ठेवायला लावली. बँकेतली सवय, दुसरे काय!

माझ्या मुलीची काळजी खोटी नाही. बारावीचे मार्क कुणी माफ करत नाही. पण मला माझेही सांगायचे आहे. मी लहानपणी वडिलांच्या कानस-पक्कडीला हात लावला की ते म्हणत, ''हात काळे करू नकोस, तुला खुर्चीवर बसायचंय.'' मी बसलो. तीस वर्षांहून अधिक बसलो. कादंबऱ्या लिहिल्या, लोकांची कर्जे मंजूर केली, त्यांत लेथ आणि शिलाई यंत्रे घेणारेही होते. पण आजही घरात खिळा ठोकायचा तर मी सुताराला बोलावतो. वडिलांनी मला त्यांच्या दमणुकीपासून वाचवले, हे खरे. त्याबरोबर आणखीही काही माझ्या हातून गेले, हे मला नातीच्या शेजारी बसून कागदाच्या पाकळ्या कापताना कळले. म्हणून माझे आईवडिलांना सांगणे आहे : मूल असे काही घेऊन बसले, तर सबंध चिलखतासाठी पैसे देऊ नका, पण एका मनगटापुरता फोम जरूर द्या. ते बिघडू द्या. दुसरे मागितले, तर वेळापत्रकाचे बोला.

जूनमध्ये मुलगी तिला न्यायला आली. टेबलावर ते नारिंगी मनगट पडले होते. नात आत सामान भरत होती. मुलीने ते उचलले, उलटसुलट करून पाहिले, आणि कुणी बघत नाहीसे पाहून हातात चढवले. मग काढता येईना.

''हिला सांगा,'' ती मला म्हणाली, ''वेल्क्रो उलट्या बाजूनं लावलंय.''