मेलेले परततात तेव्हा
१९९२च्या नोव्हेंबरात डूम्सडे या राक्षसाशी झुंजताना सुपरमॅन मेला, तेव्हा डीसी कॉमिक्सने त्या अंकाची खास आवृत्ती काळ्या पाकिटात घालून विकली. सोबत दंडाला बांधायची काळी फीतही दिली. लाखो प्रती खपल्या आणि वर्षभराच्या आत साहेब केस वाढवून हजर! हे सुतक की सेल? पुनर्जन्म फुकटात मिळाला की आधीचं मरणही फुकट जातं. जेसन टॉडचंच बघा. १९८८मध्ये वाचकांनी फोनवर मतं देऊन बॅटमॅनच्या या साथीदाराला, म्हणजे त्या वेळच्या रॉबिनला, ७२ मतांच्या फरकाने मारलं. पुढे तो उठला कशाने, तर समांतर विश्वातल्या सुपरबॉय-प्राइमने वास्तवाच्या भिंतीवर ठोसे हाणले म्हणून. (कपाळावर हात मारून घ्यावा, दुसरं काय!) लेखक एड ब्रुबेकरने मात्र २००५मध्ये कॅप्टन अमेरिकाचा साथीदार बकी परत आणला तो एक हात गमावलेला, स्मृती पुसलेला, सोव्हिएतांसाठी मुडदे पाडणारा मारेकरी म्हणून. स्मृती परतल्यावर त्याला ते सगळे खून आठवतात, आणि कॅप्टनला मित्र मिळाल्याचा आनंदही धड साजरा करता येत नाही. जेसनलाही माफ करावंसं वाटतं ते एवढ्याचसाठी, की रेड हूड असं नाव घेऊन तो बॅटमॅनला गाठतो आणि जाब विचारतो: मला मारणारा जोकर अजून जिवंत कसा?