दत्तक कोण कोणाला घेणार?



मागच्या पावसाळ्यात काकीला घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात गेले होते. काकीला दिवस गेलेले. तिला माडियाच येते, म्हणून मी सोबत. शिकाऊ डॉक्टरनं विचारलं, "शेवटची पाळी कोणत्या तारखेला आली?" काकी म्हणाली, "मोहा पडायला लागला तेव्हा." मी मराठीत सांगितलं. तो हसला आणि कागदावर लिहिलं, 'तारीख माहीत नाही'. पुढे काकी एक शब्द बोलली नाही. पुन्हा तपासायला चल म्हटलं, तर येत नाही म्हणते.

आता सांगा, अडाणी कोण? मोहा मार्च-एप्रिलात पडतो हे आपल्या लहान लेकरालाही ठाऊक आहे. तिथून नऊ महिने मोजा. काकीनं हिशेब सांगितला होता, त्याला तो वाचता आला नाही.

त्या पोराला मी दोष देत नाही. त्याला हाडं-नसा शिकवल्या, माणसं शिकवली नाहीत. 2019 पासून डॉक्टरकीच्या अभ्यासक्रमात रुग्णाशी कसं वागावं-बोलावं हाही विषय आहे. पण तो कॉलेजच्या खोलीत बसून कसा येणार? पुढे खेड्यातली कुटुंबं 'दत्तक' घ्यायचा कार्यक्रम आला. दत्तक? आपण काय पोरके आहोत? उलट गावानं त्या विद्यार्थ्याला दत्तक घ्यावं. घरात ठेवावं, जंगलात न्यावं, चार शब्द आपल्या बोलीचे शिकवावे.

हे होऊ शकते. आपल्याच जिल्ह्यात शोधग्रामला डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दवाखाना कसा हवा हे आधी लोकांना विचारलं. म्हणून तिथं नातेवाइकांना राहायला झोपड्या आहेत आणि दवाखान्याला दंतेश्वरी मातेचं नाव आहे.

आपणही एक कबूल करू. साप चावला की आधी पुजाऱ्याकडे जाऊन वेळ घालवतो. तसं नको, आधी दवाखाना. पण तिथं हसणारा माणूस असला तर लोक उशीरच करणार. त्या हसण्यानं जीव जातो.

1996 च्या पेसा कायद्यानं सामाजिक क्षेत्रातल्या संस्था आणि कर्मचाऱ्यांवर नियंत्रणाचा अधिकार ग्रामसभेलाही दिला आहे. जमिनीसाठी आपण ठराव केले, आता यासाठीही करू: शिकाऊ डॉक्टर आला की पहिल्या दिवशी ग्रामसभेत बसेल. दवाखान्यात आपल्या बोलीचा माणूस पगारावर असेल. पुढच्या ग्रामसभेत हा विषय घ्या.