गॅलरीचे डोळे

वरळीच्या बीडीडी चाळीतली एक जुनी ओळखीची बाई आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या ५५६ कुटुंबांना नव्या इमारतीतल्या घरांच्या चाव्या मिळाल्या, त्यात तीही होती. १६० चौरस फुटांच्या खोलीतून एकदम ५०० चौरस फुटांत! घर बघायला गेले तर हौसेने सगळं दाखवलं. वेगळं स्वयंपाकघर, घरातला संडास, खिडकीतून येणारा वारा. मग चहा ओतता ओतता म्हणाली, ''सगळं छान आहे गं, पण दार लावलं की बाहेरचं काही ऐकूच येत नाही बघ.''

मैत्रिणींनो, हे वाक्य काही डोक्यातून जाईना.

मी लालबागच्या चाळीत वाढले. कॉलेजातून मी किती वाजता आले, हे आईच्या आधी कोपऱ्यावरच्या काकूंना कळायचं. बी.ए.ला समाजशास्त्र होतं. त्यात 'सामाजिक नियंत्रण' असा एक धडा. रॉस नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९०१ साली या विषयावर पुस्तक लिहिलं, वगैरे. कायदा, पोलीस, कोर्ट म्हणजे औपचारिक नियंत्रण आणि 'लोक काय म्हणतील' हे अनौपचारिक. परीक्षेला पाच मार्कांची टीप यायची. आमच्या गॅलरीत मात्र त्याचं प्रात्यक्षिक रोज संध्याकाळी साडेसहाला व्हायचं!

त्या डोळ्यांचे उपकारही आहेत, ते नाकारणार नाही. आई कामावर असली तरी आम्ही कधी उपाशी राहिलो नाही. अनोळखी माणूस जिना चढला की तीन दारांतून ''कोण पाहिजे?'' यायचं. पोरगं हरवायची भीती नव्हती. जेन जेकब्स या अमेरिकन लेखिकेने १९६१ साली शहरांबद्दल हेच तर मांडलं. रस्ता सुरक्षित ठेवतात ते आधी खिडकीतले नि ओट्यावरचे डोळे, पोलीस नंतर. गिरगाव-परळच्या बायकांना हे पुस्तक न वाचताच ठाऊक होतं.

पण हे डोळे बघत कुणाकडे होते?

आमच्या मजल्यावर एक कुटुंब होतं. महिन्यातून दोन-तीनदा नवरा पिऊन यायचा आणि मग आवाज यायचे. भिंती कसल्या, नुसते पडदेच ते. सगळ्यांना सगळं ऐकू यायचं आणि अख्खा मजला रेडिओचा आवाज वाढवायचा. ''नवरा-बायकोचं आहे, आपण कशाला मध्ये पडा?'' सकाळी नळावर ती पदर गालावर ओढून यायची. कुणीतरी काही न बोलता तिचा हंडा रांगेत पुढे सरकवायचं. चाळीचा न्याय एवढाच, एक हंडा पुढे. आणि ज्या काकू माझ्या ओढणीवर लक्ष ठेवायच्या, त्यांनी त्या माणसाला कधी ''काल रात्री काय चाललं होतं?'' असं विचारलं नाही. मुलीचं उशिरा येणं ही चाळीची अब्रू आणि बाईचा मार हे घरचं प्रकरण!

कायदा नव्हता असं नाही. ४९८ अ हे कलम १९८३ मध्येच आलं. मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ साली महिला आणि मुलांसाठी खास कक्ष सुरू केला. परळहून बसने जाण्याइतकं जवळ. पण ती कधी गेली नाही. गेली असती तर ''हिने चाळीत पोलीस आणले'' हे तिला जन्मभर ऐकावं लागलं असतं. मारणाऱ्यापेक्षा तक्रार करणारीच वाईट.

या अनौपचारिक नियंत्रणाला फार गोंजारू नये असं मला वाटतं, ते म्हणूनच. आमच्याकडची निम्मी घरं कोकणातली. तिकडे गावकीने एखादं घर वाळीत टाकलं, तर त्याची झळ मुंबईतल्या खोलीपर्यंत पोचते. लग्नाला कुणी येत नाही, मयतालाही नाही. शेवटी महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. २०१६ चा हा कायदा जुलै २०१७ पासून लागू झाला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

मग टॉवरमध्ये तरी बरं आहे का? लिफ्टमध्ये कॅमेरा, खाली वॉचमनची वही, कामवाल्या बाईची रोज नोंद. मुलगी किती वाजता आली याची उठाठेव कुणी करत नाही, ही मोठीच सुटका. पण गेल्या वर्षी आमच्या मंडळात एक तरुण मुलगी आली, दादरच्या अशाच एका इमारतीतली. तिला मारहाण होत होती. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याच रात्री मेसेज पडला होता, 'कृपया दहानंतर फर्निचर सरकवू नये.' शेजारणीशी मी नंतर बोलले. ती म्हणाली, ''मला संशय आला होता हो. पण ओळखच नाही, बेल कशी वाजवणार?''

आता यातली महत्त्वाची गोष्ट. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याच्या चौथ्या कलमात शेजारणीला जागा ठेवलेली आहे. हिंसा होते आहे असं मानायला कारण असेल, तर कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं. सद्हेतूने कळवलं, तर कळवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. आणि सतरावं कलम म्हणतं, घर नवऱ्याच्या नावावर असो की सासऱ्याच्या, बाईला त्या सामाईक घरात राहण्याचा हक्क आहे. नव्या घरांचे कागद होताहेत, त्या काळात हे कलम प्रत्येकीला पाठ हवं. म्हणजे कायद्यालाही शेवटी भिंतीपलीकडचा कानच लागतो. २००८ मध्ये 'बेल बजाओ' ही मोहीम निघाली होती, ती याचसाठी. मोठं भांडण नको, नुसती बेल वाजवून काहीतरी क्षुल्लक कारण सांगा. आत हात उगारलेला असतो, तो थांबतो.

तुमच्या गावात अजून आळी असेल, ओटा असेल. तिथे भिंतीपलीकडचं ऐकू येतं. रात्री रेडिओचा, आता टीव्हीचा, आवाज तिथेही वाढतच असेल, नाही का?

वरळीच्या त्या बाईला हे सगळं सांगितलं. तिने १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर कालनिर्णयवर पेनाने मोठा लिहिला. मग म्हणाली, ''समोरच्या दारात कोण राहतं तेच अजून माहीत नाही. संक्रांतीला अख्ख्या मजल्याला बोलावते. नवरा असलेल्यांना आणि नसलेल्यांनाही.''