बर्फाखाली स्मार्टफोन का हरतो? आल्प्समधलं स्की टूरिंग आणि ४५७ किलोहर्ट्झ

फेब्रुवारी २०२६ मध्ये इटलीतल्या बोर्मिओला स्की माउंटेनियरिंग हा खेळ पहिल्यांदाच हिवाळी ऑलिंपिकमध्ये आला. स्कीच्या तळाला खरखरीत कापडी पट्टी चिकटवायची, तिच्या पकडीवर डोंगर चढायचा आणि वर पोचलं की पट्टी काढून खाली घसरत यायचं. यातली शर्यत काढून टाकली की उरतं ते स्की टूरिंग. इथे रोपवे नाही, आखलेली वाट नाही आणि सकाळी उतार तपासून ठेवणारं कुणी नाही. आल्प्समध्ये दरवर्षी सरासरी सुमारे १०० माणसं हिमस्खलनात जातात. त्यातली बहुतेक अशीच मोकळ्या डोंगरात गेलेली असतात.

या सगळ्यांच्या खिशात फोन असतोच. मग बर्फाखाली सापडलेल्या माणसाला शोधायला साधारण ३०० युरोंचं वेगळं यंत्र छातीला बांधायचं कशाला? एक ॲप पुरणार नाही का?

हा प्रश्न नवा नाही. बर्फाखालचा माणूस ब्लूटूथ, वायफाय किंवा जीपीएसवरून शोधून देतो असं सांगणारी ॲप्स आली होती. २०१३ मध्ये कॅनेडियन अवलांच सेंटरने जाहीर इशारा दिला की यांच्या भरवशावर डोंगरात जाऊ नका. कारणं आजही तीच आहेत.

ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, म्हणजे लहर जेमतेम १२ सेंटिमीटरची. ओला, दाबला गेलेला बर्फ आणि माणसाचं शरीर ही लहर गिळून टाकतात. जीपीएसची चूक काही मीटरची असते आणि एवढ्या चुकीवर खणायला घेतलं तर माणूस हाती लागत नाही. शिवाय फोनला आपण कुठे आहोत हे कळलं तरी ते दुसऱ्याला कळवायला नेटवर्क लागतं.

छातीवरचं यंत्र, म्हणजे बीकन, ४५७ किलोहर्ट्झवर सेकंदाला साधारण एक ठोका सोडत राहतं. इथे लहर साडेसहाशे मीटरच्या आसपास जाते, त्यामुळे बर्फ तिला जवळपास अडवतच नाही. कुठल्याही कंपनीचं बीकन दुसऱ्या कुठल्याही कंपनीच्या बीकनला ऐकू शकतं, आणि पाठवण्याच्या मोडमध्ये साध्या सेलवर २०० तासांहून जास्त चालतं. हिमस्खलन झालं की वरचे सगळे आपापलं बीकन शोधाच्या मोडवर टाकतात. स्क्रीनवरचा बाण चुंबकीय क्षेत्राच्या रेषेमागे जातो, म्हणून तो सरळ नेत नाही, वळसा घालून नेतो. पहिल्यांदा वापरणारा इथेच गोंधळतो.

दहा मिनिटांचा हिशोब

स्वित्झर्लंडमधल्या १९८१ ते २०२० या काळातल्या अपघातांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या १० मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त वाचतात. अर्ध्या तासाला हा आकडा ३१ टक्क्यांवर येतो. मधल्या काळात बचाव पथकं खूप वेगवान झाली आहेत, पण त्यांनाही १० मिनिटांहून बराच जास्त वेळ लागतोच. थोडक्यात, हेलिकॉप्टर कितीही चांगलं असलं तरी पहिली १० मिनिटं सोबतच्या दोन-तीन मित्रांची असतात. त्यातही बीकनने जागा सापडल्यावर प्रोब नावाची लांब घडीची काठी खुपसून खोली बघायची, मग फावड्याने टनभर बर्फ उपसायचा. बराचसा वेळ उपसण्यातच जातो. म्हणूनच इटलीने २०२२ पासून हिमस्खलनाचा धोका असलेल्या भागात बीकन, प्रोब आणि फावडं जवळ ठेवणं बंधनकारक केलं.

आणि इथे फोन नुसता निरुपयोगी ठरत नाही, आडवाही येतो. फोनची स्क्रीन, प्रोसेसर, चार्जिंगचं सर्किट यांतून बारीक विद्युतचुंबकीय गोंगाट बाहेर पडतो. स्मार्टवॉच, ॲक्शन कॅमेरा, बॅटरीवरचे गरम हातमोजे, सगळ्यांचं तेच. बीकन अतिशय क्षीण सिग्नल ऐकायचा प्रयत्न करत असतं, त्यामुळे या गोंगाटात त्याचा पल्ला घटतो, कधी अंतर चुकीचं दिसतं, कधी बाण भलतीकडे वळतो. म्हणून नियम असा: चालताना फोन बीकनपासून किमान २० सेंटिमीटर लांब, शोधताना किमान ५० सेंटिमीटर. शोधणाऱ्याच्या एका हातात बीकन आणि दुसऱ्या हातात व्हिडिओ काढणारा फोन असेल, तर खाली अडकलेल्याची मिनिटं तो फोन खातोय. मदतीसाठी फोन करायचाच आहे, पण तो शोधणाऱ्याने नाही, बाजूला उभं राहून दुसऱ्या कुणीतरी.

मग फोन कामाचा कधी?

आदल्या संध्याकाळी. दाव्होसची एसएलएफ ही संस्था हिवाळ्यात संध्याकाळी ५ वाजता आणि सकाळी ८ वाजता हिमस्खलनाचा अंदाज देते. तिचं व्हाइट रिस्क ॲप आहे. स्विसटोपोच्या नकाशात ३० अंशांपेक्षा तीव्र उतार पिवळ्यापासून जांभळ्यापर्यंत रंगवून दिसतात. ३० अंश म्हणजे किती? आपल्या इमारतीचा जिना साधारण एवढाच असतो, आणि बहुतेक धोकादायक स्खलनं याहून तीव्र उतारांवर सुटतात. स्किटुरेनगुरू ही साइट तर अंदाज आणि उतार एकत्र करून प्रत्येक वाटेला हिरवा, केशरी किंवा लाल रंग देते.

मला यातली खरी अडचण वाटते ती त्या रंगाचीच. युरोपात धोक्याचे पाच स्तर आहेत आणि सगळ्यात जास्त माणसं पाचव्या स्तराच्या दिवशी मरत नाहीत, तिसऱ्या स्तराच्या दिवशी मरतात. पाचव्याला घराबाहेर कुणी पडत नाही. ‘तीन’ मात्र पाचातला मधला आकडा, म्हणून डोक्याला ठीकठाक वाटतो, प्रत्यक्षात त्याचं नावच ‘लक्षणीय’ आहे. ॲपला उताराचा कोन कळतो, पण त्या उतारावर कालच्या वाऱ्याने आणून टाकलेला थर आणि त्याखाली दडलेला साखरेसारखा भुसभुशीत बर्फ कळत नाही. अंदाज पूर्ण प्रदेशाचा असतो. हिरव्या रेषेवरून चाललेल्या माणसाच्या डोक्यावरचा उतारही मोजावा लागतो, कारण खालून चालतानाही वरचा थर सुटू शकतो.

बीकन विकत घेतलेले सगळेच सराव करतात असंही नाही. आल्प्समध्ये अनेक स्की केंद्रांजवळ पुरलेल्या ट्रान्समीटरवर सराव करायची मैदानं आहेत. तिथे पहिल्याच फेरीत १० मिनिटांच्या आत शोध आणि उपसा दोन्ही जमवून बघा, घड्याळ लावून.