अक्षरं होती, आपणच त्यांची चित्रं केली

सोसायटीची पाणीकपातीची सूचना, शाळेच्या परीक्षेचं वेळापत्रक, रक्तदान शिबिराचं आवाहन, पुस्तक प्रकाशनाची निमंत्रणपत्रिका, शोकसभेची वेळ. यातला प्रत्येक मजकूर कुणीतरी आधी टाइप केलेला असतो. मग त्याला रंगीत चौकट लागते, मागे फुलं किंवा तोरण येतं, त्याचं जेपीजी होतं आणि ते व्हॉट्सअ‍ॅपवर, फेसबुकवर किंवा ईमेलला जोडून गावभर जातं. डोळस माणसाला यात काही खटकत नाही. अंध माणसाच्या फोनवरचा, पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर मात्र पाठवणाऱ्याचं नाव सांगतो, ‘फोटो’ म्हणतो, वेळ सांगतो आणि गप्प होतो. शोकसभा कुणाची, कुठे, किती वाजता, ते त्या माणसाला कळत नाही.

हा अडथळा पाठवणाऱ्याने उभा केलेला आहे आणि तो दूर करणं हे पाठवणाऱ्याचंच काम आहे, असं माझं ठाम मत आहे.

यावर पहिलं उत्तर येतं ते वेळेचं. ‘एवढ्या धावपळीत अपंगांसाठी वेगळं काही करायला कुणाला सवड आहे?’ पण वेगळं करायला सांगतंय कोण? मजकूर आधी अक्षरांतच होता. स्क्रीन रीडरला तो त्याच रूपात हवा होता. जादा मेहनत झाली ती त्याचं चित्र करण्यात. चित्र हवंच असेल तर खुशाल पाठवा, पण ज्या मजकुरावरून ते बनवलं तो त्याच्याखाली चिकटवा. त्याला अर्धं मिनिट पुरतं.

दुसरा आक्षेप खास मराठी आहे आणि त्यात तथ्यही होतं: ‘फॉन्ट फुटतो.’ डीटीपीच्या जुन्या फॉन्टांत टाइप केलेली मराठी दिसायला देवनागरी असते, आत मात्र ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची सरमिसळ असते. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर ती उघडली की निरर्थक खुणांची रांग दिसते आणि स्क्रीन रीडर तीच रांग वाचून दाखवतो. अशा काळात जेपीजी करणं ही अडचणीतून काढलेली वाट होती, तिला मी नावं ठेवत नाही. पण देवनागरी युनिकोडमध्ये 1991 च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. आज तुमच्या फोनवर उमटणारं प्रत्येक मराठी अक्षर युनिकोडमधलं आहे आणि ते फुटत नाही. छापखान्याच्या सोयीसाठी मजकूर जुन्या फॉन्टात लागत असेल तर तो तिथे तसा ठेवा. लोकांना पाठवायचा मजकूर युनिकोडमध्ये असलाच पाहिजे. अडचण संपूनही सवय टिकली आणि तिची किंमत अंध वाचक मोजतो आहे. 27 फेब्रुवारीला मराठीच्या गौरवाचे संदेशही आपण चित्रांतूनच पाठवतो. त्या दिवशी मराठी अक्षरं मराठीच माणसापासून तोडली जातात, याचं मला मनापासून दुःख होतं.

तिसरा पक्ष म्हणतो, ‘आमच्या ग्रुपवर अंध कुणी नाहीच.’ हे कशावरून ठरवलं? जिथे काही वाचताच येत नाही तिथे माणूस बोलत नाही किंवा निघून जातो, आणि मग त्याची गैरहजेरीच पुरावा म्हणून दाखवली जाते. 2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, 2016 च्या कायद्याने ते 21 केले. त्यात अल्पदृष्टी असलेले आहेत, वाचनअक्षमता असलेले आहेत. त्यांना अक्षर मोठं करून किंवा मजकूर ऐकत वाचायचं असतं. चित्र मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते आणि प्रत्येक ओळीसाठी बोट डावी-उजवीकडे सरकवावं लागतं. मोतीबिंदू झालेल्या आजोबांचीही हीच गत. चित्रातला फोन नंबर उचलून लावता येत नाही, महिन्याभराने तो मजकूर शोधायला गेलं तर सापडत नाही, हा त्रास तर डोळसांनाही आहे.

‘घरातलं कुणीतरी वाचून दाखवेलच की,’ हे वाक्य प्रेमाने म्हटलं जातं म्हणून त्यातला अन्याय दिसत नाही. तुमच्या ईमेलमध्ये पगार असतो, तपासणीचा अहवाल असतो, कुणाशी केलेली मनातली गोष्ट असते. ते सगळं भावाला, सुनेला, शेजाऱ्याला वाचून दाखवायला सांगाल? इटलीत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पेल्लेग्रिनो तुर्री यांनी कॅरोलिना फँतोनी या अंध स्त्रीला स्वतःची पत्रं स्वतः लिहिता यावीत म्हणून एक टंकयंत्र बनवलं. तिने त्यावर लिहिलेली 1808 सालापासूनची पत्रं उपलब्ध आहेत. सुरुवातीच्या टंकयंत्रांपैकी एक जन्मलं ते मजकूर सांगून लिहून घ्यावा लागू नये, या गरजेतून. दोनशे वर्षांनंतर आपण अंध माणसाला पुन्हा दुसऱ्याच्या डोळ्यांच्या हवाली करतो आहोत.

आता सगळ्यात नवा आणि सगळ्यात वजनदार आक्षेप: ‘एआय आहे ना!’ आहे, आणि ते मोलाचं आहे. फेसबुकने 2016 मध्ये चित्रांचं आपोआप वर्णन सुरू केलं, त्या कामात मॅट किंग हे अंध अभियंते होते. आज अंध माणूस चित्र एखाद्या अ‍ॅपला देऊन त्यातला मजकूर काढून घेऊ शकतो. पण नक्षीदार वळणांच्या अक्षरांत, फुलांवर छापलेल्या मराठीत यंत्र जोडाक्षर चुकतं, आकडा चुकतो. आणि तारखेचा एक आकडा चुकला तरी माणूस बंद दारापुढे जाऊन उभा राहतो. खासगी पत्र तिसऱ्याच कंपनीकडे पाठवावं लागतं ते वेगळंच. शिवाय यंत्राला चित्रात काय आहे ते दिसतं, तुम्ही ते का पाठवलंत हे फक्त तुम्हाला ठाऊक असतं. जे काम पाठवणाऱ्याने एकदा करायचं ते शंभर घेणाऱ्यांनी शंभरदा का करावं?

साधनं महाग असतात, हीही समजूत जुनी झाली. एनव्हीडीए हा संगणकावरचा स्क्रीन रीडर फुकट मिळतो. मायकल करन आणि जेम्स तेह या दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी तो घडवला. करन यांनी त्याचं काम 2006 मध्ये सुरू केलं. अँड्रॉइड फोनला टॉकबॅक हा स्क्रीन रीडर आहे. अंध माणसाने आपल्या बाजूची तयारी केव्हाच केली आहे.

प्रश्न अंधांपुरता नाही. प्रज्ञा प्रसून या अ‍ॅसिडहल्ल्यातून वाचलेल्या स्त्री. बँकेच्या ई-केवायसीत, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवताना, पापण्यांची उघडझाप मागितली जाई आणि तीच त्यांना शक्य नव्हती. त्यांच्या याचिकेवर 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. त्याआधी 8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रतुरी प्रकरणात अपंगांसाठीच्या सुगम्यतेचे किमान नियम नुसते सल्लावजा ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारकच हवेत, असं त्याच न्यायालयाने सांगितलं. पण म्हणून ‘हे सरकार बघेल’ म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की सोसायटीच्या ग्रुपवर न्यायालय येत नाही. तिथे तुम्ही असता.

बहिऱ्यांच्या बाबतीत तर आपण उलट्या दिशेने निघालो आहोत. इंटरनेटच्या शिल्पकारांपैकी व्हिंट सर्फ यांना स्वतःला कमी ऐकू येतं. ईमेल अशा माणसांना सोयीचं ठरलं, कारण फोनवर निसटणारं बोलणं तिथे अक्षरांत उतरलं. आता निरोप व्हॉइस नोटमध्ये जातो, व्याख्यान उपशीर्षकांविना व्हिडिओत जातं. निरोपाखाली दोन ओळी लिहा. व्याख्यानाची लिखित प्रत वक्त्याकडे बहुधा असतेच, ती सोबत द्या.

‘वर्णन लिहिलं की सौंदर्य बिघडतं’ असं सजावट करणारे म्हणतात. फेसबुक, इन्स्टाग्राम, एक्स या तिन्ही ठिकाणी चित्राचं वर्णन वेगळ्या जागी लिहिता येतं आणि ते पोस्टच्या मजकुरात दिसत नाही, स्क्रीन रीडरला मात्र मिळतं. ‘सुंदर फोटो’ एवढं लिहून मात्र भागत नाही. वारीचा फोटो असेल तर असं लिहावं: ‘दिवेघाटाच्या वळणावर पावसात चढणारी दिंडी. पुढे तुळशीवृंदावन डोक्यावर घेतलेल्या तीन बाया, मागे भगव्या पताका, दरीत धुकं.’

प्रकाशकांनी, साहित्य संस्थांनी, दिवाळी अंकांच्या संपादकांनी या वर्षीच्या जाहिरातींपासून हे सुरू करावं. अंकाची किंमत, पानं, मागणीचा पत्ता आणि लेखकांची नावं मुखपृष्ठाच्या चित्राखाली युनिकोडमध्ये द्यावीत.