दहा पाळ्यांचा पंचनामा

दिवाळीत पत्ते खेळावेत की नाही, हा जुना वाद मी उकरून काढणार नाही. माझे भांडण पत्त्यांशी नाही; माझ्या भाच्याच्या वहीशी आहे.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री भाईंदरला आमच्या घरी नऊजणांचा पोकरचा डाव बसला. पैशांऐवजी चिंचोके. भाचा संख्याशास्त्राचा विद्यार्थी. कोण कोणत्या जागेवरून चाल वाढवतो, हे तो टिपत होता. पहाटे त्याने निकाल दिला, "शेजारच्या काकू भलत्याच आक्रमक! पहिल्या पाळीला १० पैकी ३ वेळा वाढवले. नुसत्या थापांवर खेळतात!" काकू हसल्या, पण दुसऱ्या दिवशी फराळाला आल्या नाहीत.

भाच्याचे एक म्हणणे मला मान्य आहे. पहिल्या पाळीचा खेळाडू बाकीच्या आठजणांच्या आधी बोलतो. कोणाचाच अंदाज नसताना जो वाढवतो, त्याच्या हाती सहसा चांगली पाने असतात. शेवटी बोलणाऱ्याचे वाढवणे निराळे. म्हणून हिशेब जागेवारच हवा. पण गोम तिथेच आहे! नऊजणांत ती पाळी नऊ डावांतून एकदाच येते. ९० डाव झाले, तेव्हा कुठे काकूंच्या वाट्याला १० पाळ्या आल्या.

आता हिशेबच करू. समजा, काकू इतक्या सावध आहेत, की १०० पैकी उत्तम अशा १५ हातांवरच वाढवतात. तरीही १० पाळ्यांत ३ किंवा अधिक वेळा तसे हात येण्याची शक्यता शेकडा १८ निघते! पाच-सहा रात्रींतून एक रात्र अशी जायचीच. मग आक्रमक कोण, काकू की पत्त्यांचा योग?

ऑनलाइन टेबलांवर हजारो डावांची नोंद आपोआप होई. तिथे अशा आकड्यांना वजन तरी होते. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने २०२५ साली केला. मला तो पटला. पण माणसे आकड्यांत मोजण्याची तिथली सवय आता आमच्या दिवाणखान्यात येऊन बसली आहे.

आणि पत्त्यांचेच कशाला? नव्या सुनेला तीनदा उशीर झाला, की ती आळशी! सकाळच्या लोकलमध्ये कोणी एकदा धक्का दिला, की तो रानटी! वही नसली, तरी पंचनामा तोच.

आकडे जरूर मोजावेत. पण थोडक्या आकड्यांवर माणसाला शिक्का मारू नये. भाऊबीजेच्या सकाळी मी भाच्याला करंज्यांचे ताट देऊन काकूंकडे पाठवले. वही मात्र घरीच ठेवून घेतली.