कायोटीचे सापळे आणि सगळ्यांची जमीन

सध्या रील्सवर अमेरिकेतल्या ट्रॅपर मंडळींचे व्हिडिओ धो धो येतायत. गुडघ्याखाली ताडपत्रीचा तुकडा, हातात रबरी मोजे, एक छोटी कुदळ, एक चाळणी. दहा मिनिटांत हा माणूस जमिनीत लोखंडी सापळा असा पुरतो की कॅमेरा तिथेच रोखलेला असूनही आपल्याला जागा ओळखू येत नाही. खाली आपल्या पोरांच्या कमेंट्स: "काय डोकं आहे राव!"

डोकं आहेच, त्यात वाद नाही. पण हे डोकं कशासाठी वापरलं जातंय यावर तिकडे गेली तीस वर्षं मतदान, खटले आणि भांडणं चालू आहेत. कोलोरॅडो, ॲरिझोना, न्यू मेक्सिको, मोंटाना इथे आपले मराठी लोक राहतात, ट्रेकला जातात, कुत्री पाळतात, नागरिक झाले असतील तर मतदानही करतात. त्यांच्याशी बोलताना जाणवतं की या विषयातलं त्यांना फारसं काही माहीत नसतं. म्हणून ही लांबलचक पोस्ट. वाचायचा कंटाळा असेल तर निदान शेवटचे दोन परिच्छेद वाचा, ते कामाचे आहेत.

आधी प्राण्याबद्दल. कायोटी म्हणजे आपल्या कोल्ह्यापेक्षा थोडा मोठा आणि लांडग्यापेक्षा लहान असा तिकडचा रानकुत्र्याच्या जातीचा प्राणी. रोड रनरच्या कार्टूनमध्ये दर वेळी कड्यावरून खाली पडतो तोच. नाव मूळचं मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतलं. गंमत अशी की माणसाने लांडगे मारून संपवले आणि त्या मोकळ्या झालेल्या जागेत कायोटी पसरला. पूर्वी तो मुख्यतः पश्चिमेच्या माळरानांवर आणि वाळवंटी भागात असायचा. आज हवाई सोडलं तर अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात आहे. शिकागोसारख्या शहरात तर २००० सालापासून त्याच्यावर अभ्यास चालू आहे, आणि तिथे तो रेल्वेच्या कडेने, दफनभूमीत, गोल्फच्या मैदानात सुखाने नांदतोय. शंभर वर्षं गोळ्या, विष, सापळे सगळं करून ज्याचा मुलुख वाढला असा दुसरा शिकारी प्राणी शोधून सापडायचा नाही.

आता तो सापळा. जमिनीत पुरायच्या सापळ्याचा सगळ्यात चालणारा प्रकार म्हणजे डर्ट होल सेट. कायोटी, खोकड असे प्राणी उरलेलं खाणं जमिनीत पुरून ठेवतात. ट्रॅपर तसंच एक तिरकं भोक पाडतो, जणू कुणीतरी काहीतरी लपवून गेलंय. भोकात वासाचं आमिष, वर थोडं कायोटीचं मूत्र. भोकाच्या तोंडापासून जरा अलीकडे, किंचित एका बाजूला, सापळा बसवतात. कारण कायोटी हुंगायला थेट नाक घालत नाही, अंतर राखून पुढचा पाय टेकतो. सापळा खाली घट्ट बसला पाहिजे. पायाखाली जरा डगमगला की कायोटीला शंका येते आणि तो तो उकरून बाहेर काढून ठेवतो. वरून चाळलेली माती. थंडीत माती गोठून सापळा अडकू नये म्हणून मेण लावलेली माती. आजूबाजूला दोन-चार खडे, एखादी काडी, कारण खड्यावर पाय द्यायचं तो टाळतो आणि पाऊल बरोबर हवं तिथे पडतं. दुसरा प्रकार मूत्राच्या खुंटाचा. गल्लीतली कुत्री एकाच स्कूटरच्या चाकापाशी रांगेने का थांबतात हे ज्याला माहीत आहे त्याला हा प्रकार वेगळा समजावून सांगायला नको.

हे सगळं वाचून ट्रॅपर म्हणजे क्रूर राक्षस असं चित्र उभं करायचं असेल तर तेही बरोबर नाही. आजचे चांगले फूटहोल्ड सापळे जुन्या दातेरी सापळ्यांसारखे नसतात. जबडे जाड केलेले असतात, मिटल्यावरही मधे थोडी फट राहते, साखळीला भिंगऱ्या असतात म्हणजे पाय पिरगळत नाही. लाल लांडगे वाचवण्याच्या कामात असेच सापळे वापरले. मिसुरी, ओहायोसारख्या राज्यांत पाणमांजरं परत आणली ती लुइझियानात अशाच सापळ्यांनी जिवंत धरलेली होती. अवजार चांगल्या हातात चांगलं काम करतं, हे मान्य करून पुढे जाऊ.

माझा आक्षेप जागेवर आहे. हा सापळा सार्वजनिक जमिनीवर, जिथे लोक पोरंबाळं आणि कुत्री घेऊन फिरतात तिथे, का असावा?

कारण बघा. कायोटीचा सेट पूर्णपणे कुत्र्याच्या स्वभावावर बेतलेला आहे. हुंगणं, मूत्राच्या खुणेवर थांबणं, भोक दिसलं की नाक लावून बघणं. आणि पाळीव कुत्रा त्याच घराण्यातला. ट्रॅपर सांगतात की आम्ही सापळ्याच्या थाळीचा ताण इतका ठेवतो की खार किंवा स्कंक चढला तरी तो उडत नाही. खरं आहे. पण वजनावरून खार आणि कायोटी ओळखता येतात, कायोटी आणि लॅब्रॅडॉर ओळखता येत नाहीत. म्हणजे पायवाटेवरचा पाळीव कुत्रा अडकला तर त्याला अपघात म्हणायला मी तयार नाही. सापळा ज्यासाठी रचला तेच त्याने केलं.

तारेचा फास तर याहून वाईट. २०१८ साली न्यू मेक्सिकोत रॉक्सी नावाची कुत्री सार्वजनिक जमिनीवर अशा फासात अडकून मालकाच्या डोळ्यांदेखत गुदमरून मेली. त्यातून तिच्याच नावाचा कायदा २०२१ मध्ये मंजूर झाला आणि पुढच्या वर्षीपासून त्या राज्याच्या सार्वजनिक जमिनीवर सापळे, फास आणि विष यांना बंदी आली. खासगी जमिनीला तो लागू नाही. मूळ निवासी जमातींच्या धार्मिक कारणांसाठी आणि सरकारी कामासाठी सवलती ठेवल्या आहेत. मला हा कायदा शहाणपणाचा वाटतो, कारण तो ट्रॅपिंग संपवायला निघालेला नाही. सगळ्यांच्या जागेत एकाने पुरलेलं लोखंड नको, इतकंच तो म्हणतो.

दुसरी गोष्ट तपासणीची. सापळा लावल्यावर तो किती तासांनी बघायलाच हवा याचे नियम प्रत्येक राज्यात वेगळे. कुठे २४ तास, तर वायोमिंगसारख्या ठिकाणी ७२. हिवाळ्यात, शून्याच्या खाली, पाय अडकलेल्या अवस्थेत तीन दिवस. मघाचे ते जाड जबडे आणि भिंगऱ्या यांचा सगळा फायदा इथे पाण्यात जातो. जो ट्रॅपर "आम्ही माणुसकीने धरतो" म्हणतो, त्याने सगळ्यात आधी २४ तासांची मागणी करायला हवी. मोठ्या ट्रॅपर संघटना या मागणीला विरोध करतात तेव्हा त्यांच्या माणुसकीच्या गोष्टी मला पटत नाहीत.

आता मेंढपाळांची बाजू. ती मोठी आहे आणि ती मी उडवून लावणार नाही. अमेरिकेत शिकारी प्राण्यांमुळे ज्या मेंढ्या आणि कोकरं मरतात त्यातला सर्वात मोठा वाटा कायोटीचा, हे तिथल्या कृषी खात्याच्या पाहण्यांमध्ये वारंवार आलंय. सकाळी वाड्यात फाटलेली कोकरं बघणाऱ्या माणसाला शहरातून निसर्गप्रेम शिकवायला जाऊ नये. आपल्याकडच्या धनगरालाही लांडग्याचं हेच दुःख आहे.

पण मग प्रश्न असा की सरसकट मारून ते दुःख कमी होतं का? कृषी खात्याची वाइल्डलाइफ सर्व्हिसेस नावाची शाखा करदात्यांच्या पैशातून हे काम करते. १९३१ च्या कायद्यापासून हा उद्योग चालू आहे. २०१९ या एका वर्षात त्यांनी सुमारे ६२ हजार कायोटी मारले. सापळ्यांनी, फासांनी, हेलिकॉप्टर आणि विमानांतून गोळ्या घालून. विषाचा इतिहास तर वेगळाच आहे. १९७२ मध्ये निक्सन यांनी सरकारी जमिनीवर विष वापरायला बंदी घातली, तरी सायनाइडच्या नळ्या पुढे कितीतरी वर्षं जमिनीत खोचल्या जात होत्या. २०१७ मध्ये आयडाहोत एका मुलाचा हात अशा नळीला लागला. मुलगा वाचला, सोबतचा कुत्रा गेला.

आणि एवढं करून कायोटी कमी झाले? १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॉनोली आणि लाँगहर्स्ट या दोन संशोधकांनी गणित मांडलं होतं. दर वर्षी तीन चतुर्थांश कायोटी मारले, तेही सलग पन्नास वर्षं, तरच ते संपतील. त्याच्याही आधी टेक्सासमध्ये नोल्टन यांना दिसलं होतं की जिथे जास्त मारतात तिथे एका वेताला पिल्लं जास्त होतात. उरलेल्यांना खाणं मुबलक, जागा रिकामी, शेजारचे तरुण आत येतात. कॅलिफोर्नियातच पुढे झालेल्या अभ्यासात असं दिसलं की मेंढ्या मारणारे बहुतेक वेळा हद्द धरून बसलेलं, पिल्लांना भरवणारं जोडपं असतं. सगळेच कायोटी मेंढ्यांवर जात नाहीत. म्हणजे डोंगरात कुठेतरी पुरलेल्या सापळ्यात भलताच एखादा तरुण कायोटी सापडतो, मेंढपाळाचं नुकसान आहे तिथेच राहतं, आणि आकडा मात्र वहीत चढतो.

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन काउंटी आहे. तिथल्या लोकांनी २००० साली या सरकारी शाखेशी असलेला करार बंद केला आणि ते पैसे मेंढपाळांना कुंपण, राखणीची कुत्री, रात्रीचे वाडे यांच्यासाठी द्यायला सुरुवात केली. तिथेही मालकाला आपल्या जमिनीवर कायोटी मारायची मुभा राहिली, याकडे प्राणीमित्र सहसा बोट दाखवत नाहीत. माझ्या मते तीच वाट बरी. राखण आधी, आणि ती करूनही जो कायोटी परत परत येतो त्याच्यापुरता सापळा, मालकाच्या स्वतःच्या रानात, रोज तपासलेला. धनगर रात्री वाघर लावतो, कुत्री सोडतो, स्वतः जागतो. तो शास्त्रज्ञांना विचारून हे करत नाही. फरक एवढाच की त्याला त्याचे कुणी पैसे देत नाही.

मेंढ्यांचा धंदा कायोटीने बुडवला हेही अर्धसत्य आहे. १९४२ च्या सुमारास अमेरिकेत साडेपाच कोटींवर मेंढ्या होत्या, आज ५० लाखांच्या आसपास उरल्यात. त्यात नायलॉन-पॉलिएस्टर आलं, मटणाची आवड कमी झाली, परदेशातून स्वस्त मटण आलं. कायोटी दिसतो, बाजारभाव दिसत नाही.

उरला फरचा मुद्दा. कॅनडा गूससारख्या कंपन्यांच्या जाकिटांच्या टोपीला कायोटीचं कातडं लागायचं, त्यामुळे मधली काही वर्षं भाव चढा होता. त्या कंपनीने २०२१ मध्ये फर बंद करत असल्याचं जाहीर केलं. म्हणजे पोटासाठी करतो हे कारणही आता पूर्वीइतकं राहिलेलं नाही.

"शहरी लोक मतपेटीतून गावावर लादतात" ही तक्रार तिकडे हमखास ऐकू येते. ॲरिझोनाने १९९४ मध्ये सार्वजनिक जमिनीपुरती बंदी आणली, कोलोरॅडो आणि मॅसॅच्युसेट्सने १९९६ मध्ये, कॅलिफोर्नियाने १९९८ मध्ये, वॉशिंग्टनने २००० मध्ये मतदानातून निर्बंध आणले. मोंटानाने २०१६ मध्ये सार्वजनिक जमिनीवरची बंदी मतदानातच फेटाळली. कोलोरॅडोच्या बंदीत शेतकऱ्याला नुकसान होत असेल तर वर्षातून एकदा ३० दिवस सूट आहे. गावाचं ऐकलंच नाही असं यात मला तरी दिसत नाही. शिवाय सरकारी माळरान आणि जंगल हे गावाचंही तितकंच, डेन्व्हरच्या माणसाचंही तितकंच.

आणि त्या रील्सखाली "आपल्याकडे डुकरांसाठी करून बघू" लिहिणाऱ्या दादांनो, जरा थांबा. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यात सापळा लावणं हीच शिकार धरली आहे, आणि सापळा हे हत्यार. २०१२ च्या एप्रिलमध्ये ताडोबाजवळ चंद्रपूर जिल्ह्यात अशाच लोखंडी ट्रॅपमध्ये एक वाघ मेला आणि दुसरा अडकलेला सापडला. वनखात्याची माणसं मेटल डिटेक्टर घेऊन जंगलात जमीन तपासत फिरतात ती यासाठीच. डुकरासाठी पुरलेल्या सापळ्याला समोरून कोण येतंय ते कळत नाही.

आता कामाचं. तिकडे राहत असाल आणि कुत्र्याला घेऊन हिवाळ्यात सार्वजनिक जमिनीवर जात असाल तर आपल्या राज्याचे नियम आणि हंगाम बघून जा. थंडीत कातडं दाट असतं म्हणून हंगाम बहुधा तेव्हाच असतो. पट्टा सोडू नका. कुत्रा फूटहोल्डमध्ये अडकला तर आधी त्याच्या डोक्यावर जाकीट टाका, दुखण्याने तो तुम्हालाही चावेल. पट्ट्यानेच तोंड बांधता आलं तर उत्तम. मग सापळ्याच्या दोन्ही बाजूंना ज्या लोखंडी पट्ट्या असतात त्यांच्यावर एकाच वेळी दोन्ही पायांनी उभे राहा, जबडे सैल होतात. हाताने जबडे फाकवायला जाऊ नका, जमत नाही.

फासात मान अडकली असेल तर तार ओढू नका, ओढली की आणखी आवळते. कुत्र्याला फासाच्या खुंटाकडे ढकला, ताण कमी करा आणि तारेवरची कडी मागे सरकवून बघा. नाहीतर कापा. साध्या पक्कडीने ती वळलेली तार तुटत नाही, त्यासाठी छोटा केबल कटर मिळतो, तो बॅगेत असू द्या.